कोनबाई आणि तिची विजेवरची वेल

माझ्या वहिनीला सगळं खोरं कोनबाई म्हणतं, आणि आधीच सांगते, हे नाव कुणी प्रेमाने ठेवलेलं नाही. शाळेच्या कंपासपेटीत असतो तो अर्धगोल कोनमापक ती कायम खिशात घेऊन हिंडते. द्राक्षाच्या पानापाशी वाकायचं, देठ काडीपासून किती अंशात फुटलाय ते बघायचं, मान हलवायची, पुढच्या पानाकडे जायचं. येणारेजाणारे बांधावर थांबून मजा बघत. एकाने विचारलं, "काय हो, पान वाकडं आहे का?" वहिनी वर न बघता म्हणाली, "पान ठीक आहे. तुमचीच मान वाकडी झालीय केव्हाची." असं तोंड असल्यावर नाव पडणारच.

ती द्राक्ष संशोधन केंद्रात नोकरीला. काम काय, तर संगणकात वेल वाढवायची. चित्र काढणं नव्हे, चित्र मीही काढीन. तिच्या पडद्यावर आधी नुसती छाटलेली काडी असते आणि काडीवर डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब. मग ती त्या यंत्राला हवामान देते, ऊन किती, पाऊस किती, पहाटेचा गारवा किती. काडी फुटायला लागते. पेरामागून पेर, पानामागून पान. वरचं पान खालच्यावर सावली टाकतं, सावलीतलं पान साखर कमी बनवतं, आणि झालेली साखर घडाला मिळावी की नव्या फुटव्याला यावरून आतल्या आत ओढाताण चालते. आम्ही सबंध हंगाम राबून जे बघतो ते तिथे चहा गार व्हायच्या आत होतं.

आमची बाग डोंगरउताराला आहे. ती मी आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, मिळून बघतो. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, बागेतून सवड मिळाली नाही असं समजा. आईला सुनेचं काम कधीच पटलं नाही. "दारात एक बाग असताना दुसरी विजेवर कशाला? त्या द्राक्षांनी कुणाचं तोंड गोड होणार आहे?" मीही आईच्याच बाजूची. कोल्ह्याला द्राक्षं आंबट आणि कोनबाईला पडद्यावर गोड, हे खोऱ्यात फिरणारं वाक्य माझंच, हे वहिनीला ठाऊक आहे.

तिने मात्र एकदा मला नीट सांगितलं होतं. मी बागेत पानं खुडत होते. ती म्हणाली, "आता हे पान खुडलंस. चुकलं असेल तर परत चिकटवशील?"

"पान कुठे चिकटतं?"

"माझ्याकडे चिकटतं. म्हणून चुका आधी माझ्याकडे करून बघायच्या आणि मग बागेत यायचं." मी तेव्हा हसले, पण वाक्य डोक्यात राहिलं.

पडद्यावरची वेल खरी वाटायची तर खऱ्या वेलीचं पान न् पान कुठे आहे ते यंत्राला कळायला हवं. त्यासाठी केंद्रात एक चुंबकाची पेटी होती आणि तिला वायरने जोडलेली एक कांडी. कांडीचं टोक पानाच्या बुडाला, शेंड्याला, दोन्ही कडांना टेकवायचं की ते पान तसंच्या तसं पडद्यावर जाऊन बसायचं. एकच पथ्य, जवळपास लोखंड नको. लोखंड असलं की चुंबकाचा अंदाज बिघडतो आणि पान भलतीकडेच दिसतं. वहिनीने केंद्राच्या बागेतल्या एका ओळीच्या सगळ्या तारा काढून नायलॉनची दोरी बांधली. खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, कानातलं, सगळं बांधावर काढून ठेवलं. मदतनिसाच्या बुटाला लोखंडी टाचा निघाल्या म्हणून त्याला अनवाणी उभं केलं. इतकी काळजी घेतली, आणि सिमेंटच्या खांबांच्या पोटात लोखंडी सळ्या असतात हे काही तिच्या डोक्यात आलं नाही! साध्या गवंड्याला कळणारी गोष्ट. पण खांब वरून दिसायला सिमेंटचा, आणि ही बाई पानं बघण्यात गुंग.

झालं काय, तर खांबाजवळची सगळी पानं पडद्यावर खांबाकडे झुकली. घड उघडे पडले, त्यांना नको तितकं ऊन मिळालं, आणि वेलीने सांगितलं की यंदा गोडी लवकर येणार. केंद्राने तसं जाहीर केलं. लोकांनी तोडणीच्या टोळ्या बोलावल्या, गाड्या बोलावल्या. द्राक्षं तोंडात घातली तर डोळे मिटतील इतकी आंबट. टोळ्या आल्या पावली परत गेल्या, आणि कोनबाईचा जो उद्धार झाला तो मी इथे लिहीत नाही.

केंद्राच्या मुख्य साहेबांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, हवामानावर ढकलून द्या. सगळेच ढकलतात, लोकांना सवय आहे. वहिनी तिथून उठली. पडद्यावरच्या वेलीचा मोठा कागद छापून घेतला आणि त्या ओळीत जाऊन खऱ्या वेलीशेजारी धरला. खांबापासून लांबची पानं बरोबर होती, जवळची चुकली होती. तिने खांबाला हात लावला आणि आत सळ्या असणार हे तिला तिथेच कळलं, असं तिनेच आम्हाला जेवताना सांगितलं. पुढच्या बागायतदारांच्या बैठकीत ती उभी राहिली. "चूक हवामानाची नाही, माझी आहे," म्हणाली, आणि खांब, सळ्या, चुंबक सगळं सांगितलं. हसू तर असं फुटलं की छप्पर उडावं. मागून कुणीतरी ओरडलं, "कोनबाईची वेल लोखंडावर भाळली!" ती सगळं हसू संपेपर्यंत उभी राहिली आणि मग पुढचा मुद्दा बोलली. मी शेवटच्या रांगेत होते. लाजेने मान खाली घातली होती, तरी मनात म्हटलं, ही बाई लेचीपेची नाही.

मग नव्याने मोजणी. केंद्रातले खांब उपटायला साहेब तयार होईनात. दादाने घरी काही न बोलता आमच्या बागेतल्या चांगल्या ओळीचे खांब आणि तारा काढल्या, लाकडी खांब रोवले आणि दोरी बांधली. मी आकाशपाताळ एक केलं. दादा एवढंच म्हणाला, "तिला लोखंड नकोय, मग आपण काय करणार?" माझा भाऊ फार बोलत नाही. बोलतो ते असलं बोलतो. त्या हंगामात वहिनी रोज पहाटे, वारा सुटायच्या आधी, कांडी घेऊन ओळीत असायची. पान हललं की माप चुकतं, म्हणून जवळ जायचं नाही, बोलायचं नाही. आई दुरून म्हणायची, "झोपलेल्या मुलाची नखं कापतेय जशी." नवी वेल उभी राहिली. तिला मागच्या कित्येक वर्षांचं हवामान देऊन बघितलं, तर त्या त्या वर्षी बागेत झालं होतं तेच ती सांगू लागली. खोऱ्यात कुणाला त्याचं काही नव्हतं. लोकांना लक्षात राहिला तो खांब.

आणि त्याच सुमाराला साहेबांनी एका कंपनीचा तयार प्रोग्रॅम आणला. रंगीत, चकचकीत, बोट लावलं की सल्ला. सल्ला असा, की घडांभोवतीची पानं दोन्ही बाजूंनी काढून टाका. हवा खेळेल, बुरशी टळेल, रंग लवकर चढेल. आमच्याकडे ओळी दक्षिणोत्तर असतात, म्हणजे एका बाजूला सकाळचं ऊन आणि दुसऱ्या बाजूला दुपारनंतरचं. वहिनीची वेल म्हणत होती, सकाळच्या बाजूची पानं खुशाल काढा. पश्चिमेची काढलीत आणि उन्हाळा सौम्य गेला तर फायदाच आहे. पण उन्हाची लाट आली तर सावलीत वाढलेले मणी दुपारच्या उन्हात करपतील आणि त्या बाजूचा घड हाती लागणार नाही.

केंद्राच्या खुल्या दिवशी दोन्ही वेली लोकांना दाखवायच्या ठरल्या. सकाळीच साहेबांनी वहिनीला बजावलं, "तुम्ही फक्त सौम्य वर्ष दाखवा."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

सभागृह भरलं होतं. वहिनीने सौम्य वर्ष दाखवलं. दोन्ही बाजूंची पानं काढलेल्या वेलीवर घड झकास रंगले, पश्चिमेची ठेवलेल्या वेलीवर उशिरा रंगले. ते तिने तसंच सांगितलं. साहेब खुशीत. तेवढ्यात पानं खुडणाऱ्या टोळीची मुकादम उठली. चांगली थोराड बाई, आवाज खणखणीत. "मॅडम, आणि उन्हाळा तापला तर?"

साहेब हसून म्हणाले, "तो आजचा विषय नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "त्यांनी विचारलंय ना?" आणि तिने यंत्राला तापलेलं वर्ष दिलं. पडद्यावर पश्चिमेचे घड आधी फिके पडले, मग तपकिरी झाले, मग मणी सुकून आत गेले.

साहेबांनी माईक घेतला. "घाबरू नका. ही तीच वेल आहे बरं का, खांबावर भाळलेली." पुन्हा तेच हसू. त्या हसण्यात आमचे शेजारी होते, आणि ज्यांच्या बागेत वहिनीने फुकट मोजण्या करून दिल्या तेही होते. माझ्या अंगाची लाही झाली. वहिनीचा माईक काढून घेतला होता, म्हणून ती तशीच मोठ्याने बोलली, "खांबाचं मीच सांगितलं होतं तुम्हाला. म्हणून हेही मीच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची गेली. नोकरी राहिली, पण जागा मागच्या गोदामात, मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या धुवायला. तिच्या वेलीला कुलूप. साहेबांनी सांगितलं, हंगाम संपला की बघू, कुणाचं खरं ते.

आता बाकीच्या खोऱ्याने काय केलं ते सांगायला नको. दोन्ही बाजू उघड्या करून टाकल्या. आमच्या बागेचं काय करायचं यावर घरात एकदाच बोलणं झालं. दादा म्हणाला, "पश्चिमेची राहू देत." आईने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, ठीक आहे, हिच्या शब्दाखातर ठेवू. खरं सांगायचं तर मला त्या हसणाऱ्या लोकांचे घड करपलेले बघायचे होते. माणसाच्या मनात येतं असं.

आणि उन्हाळा तापलाच नाही! ढग येत राहिले, दुपारी वारा सुटायचा, जुन्याजाणत्यांना आठवत नव्हता इतका मवाळ उन्हाळा. खोऱ्यात घड काळेभोर झाले. आमचे पश्चिमेचे घड रंग घ्यायला तयार नाहीत, आणि उताराच्या खालच्या टोकाला, जिथे ओल धरते, तिथे बुरशी शिरली. ते घड मी स्वतः कापून खड्ड्यात टाकले. बाकीचा माल हलक्या प्रतीत गेला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कोनबाईला विचारून ऊन मागवायचं होतं." मी विळा आपटून घरात आले आणि वहिनीवर तुटून पडले. उंटावरची शहाणी काय, घर बुडवलंस काय, जे तोंडाला येईल ते.

ती भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली की मला वन्सं म्हणते. म्हणाली, "वन्सं, सौम्य वर्षी काय होईल ते मी त्या दिवशी दाखवलं होतं की नाही?"

"दाखवलंस."

"त्यात पश्चिमेची पानं ठेवलेले घड कसे आले होते?"

उशिराच आले होते. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"मग वेलीने खोटं काय सांगितलं?"

"पण मग आपण ती ठेवली कशाला?"

"कारण उन्हाळा कसा जाणार हे मला माहीत नव्हतं. तुला होतं? साहेबांना होतं?" मी हरते तेव्हा दार आपटते. तेच केलं. त्यानंतर आम्ही कितीतरी दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

साहेब स्वतः घरी आले ते त्या अबोल्यात. दारात मोटार, हातात मिठाईचा पुडा. आईने त्यांना चांगल्या खुर्चीवर बसवलं. मी चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. दादा खिडकीपाशी. साहेब गोड बोलायला लागले. कंपनीला वहिनीची वेल आवडली होती. त्यांच्या प्रोग्रॅमात ती घालायची होती. वहिनीला खुर्ची परत, वर बढती.

"फक्त एक करा," ते म्हणाले. "बैठकीत उभं राहून सांगा की तुमच्या वेलीचा अंदाज चुकला होता, म्हणजे कंपनीच्या सल्ल्यावर कुणी बोट ठेवणार नाही. मागे नाही का खांबाचं सांगितलंत? किती मोठेपणा दाखवलात! लोकांना आवडतं ते. तसंच एकदा."

वहिनी म्हणाली, "तेव्हा चूक होती."

"आणि आता?"

"आता नाही."

"अहो, सगळ्यांची द्राक्षं उत्तम आली. तुमच्या घरची नासली. आणखी काय पुरावा हवा?"

"हेच होईल असं माझ्या वेलीने दाखवलं होतं, सौम्य वर्षी. आणि तापलेल्या वर्षी जे होईल तेही तिने दाखवलं. तुम्हाला पहिलं ठेवायचंय आणि दुसरं पुसायचंय."

साहेब हसले. "उन्हाळा तापला असता तर तुमचं खरं झालं असतं. नशीब म्हणायचं."

वहिनीचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "तापला असता तर मला आनंद झाला असता, असं वाटतं तुम्हाला? सगळ्या ओळखीच्या बागा आहेत त्या. नाही तापला ते चांगलंच झालं. पण पुढे कधीतरी तापेल, आणि तेव्हा लोक म्हणतील, कोनबाईनेच सांगितलं होतं की चुकलं होतं, काढा पानं. त्या दिवशी तुम्ही नसाल इथे. मी असेन." चहाचा कप माझ्या हातात होता. त्या हसणाऱ्यांचे घड करपावेत असं मला वाटलं होतं, आणि ज्यांनी दोनदा तिची टर उडवली त्यांच्यासाठी ही बाई भांडत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

साहेबांचा सूर बदलला. "मग वेल बंद होईल. ती केंद्राची आहे. पुसून टाकायचा अधिकार मला आहे."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांचं काम आणि हंगामभराच्या पहाटा होत्या त्या वेलीत. दादा एक पाऊल पुढे आला आणि थांबला. हा निर्णय तिचा होता हे त्याला कळत होतं.

"पुसा," ती म्हणाली. "पण तिच्या तोंडी तुमचं वाक्य घालू नका."

साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून आईकडे वळून बघितलं. "आजी, तुम्ही मोठ्या आहात. सुनेला चार शब्द समजावा. चुकलं म्हणायला काय जातं?"

आई, जी कधी त्या वेलीबद्दल बरं बोलली नव्हती, जिचे बुरशी लागलेले घड खड्ड्यात गेले होते, ती उठली. मिठाईचा पुडा उचलून तिने साहेबांच्या हातात परत दिला. "अहो, तिचं चुकलं असतं ना, तर ती तुमच्या आधी बोंब मारत गावभर गेली असती. मागे गेली नव्हती का? आता बोलत नाही म्हणजे चुकलेलं नाही. तुम्ही चहा घेऊन जा." साहेब चहा न घेताच गेले.

वेल खरंच पुसली. वहिनीला ते गोदामात कळलं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि बूट न काढता ओट्याला टेकून रडली. दादा तिच्या शेजारी उभा राहिला. मी शेवटी अबोला मोडला. म्हटलं, "रडून घे. आणि मग सांग, परत उभी करायला काय लागतं?"

तिने नाक पुसलं. "कांडी केंद्राची, पेटी केंद्राची. हाताने मोजावं लागेल. दोरी, टेप, कोनमापक. एकेक पान. वर्षं जातील गं."

"जाऊ देत," मी म्हटलं. "आपल्याला कुठे जायचंय?"